प्रभाकर वेळेवर आला होता

प्रभाकर गेल्याचं त्याच्या मुलीनं, मीरानं, टोरांटोहून फोनवर सांगितलं. मी विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "सकाळी सात." आणि मी, सोनाळ्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस, मनातल्या मनात साडेनऊ तास मिळवू लागलो... म्हणजे आपले दुपारचे साडेचार. हे गणित आता चुकत नाही. एकदाच चुकलं, आणि त्याची शिक्षा प्रभाकरनं भोगली.

आम्ही एका बाकावरचे. गावातून परदेशी गेलेला तो पहिला इंजिनियर. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, हे गावात पोराटोरांनाही पाठ होतं. त्याची आई सोमवारी पहाटे वारली तेव्हा भर मे महिना. फोन मीच केला. एकुलता एक मुलगा, म्हणाला, "मंगळवारी पहाटे चारले मुंबईत उतरतो, तिथून गाडी करतो. थांबजा."

विमान उतरण्याची वेळ उतरायच्या गावाचीच सांगतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, चार ही टोरांटोची वेळ. मी साडेनऊ तास मिळवले, वर गाडीचे दहा-अकरा, आणि जमलेल्यांना सांगितलं की तो मध्यरात्रीशिवाय पोहोचत नाही. मास्तरचं गणित, तपासणार कोण? प्रेताभोवतीचा बर्फ वितळत होता. मंगळवारी सकाळी त्याच्या चुलत भावानं अग्नी दिला. दुपारी तीनला प्रभाकर दारात उभा.

"लय उशीर केला बाप्पा तुनं," त्याचे काका म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, हे मला कळलं. "विमानच लेट झालं, काका," तो म्हणाला... आणि मी गप्प राहिलो.

तेराव्यानंतर मी त्याला म्हटलं, "परभ्या, सांगून टाकतो सगळ्यायले." तो उखडला. "काऊन बे? तुह्या शब्दावर गावची पोरं शिकून राह्यली. मी तं साडेबारा हजार किलोमीटरवर. मले कोण काय म्हणते, तिथं थोडंच ऐकू येते?"

पण ऐकू येत होतं. आईच्या श्राद्धाला तो दरवर्षी यायचा, आणि पंगतीत कोणीतरी हमखास म्हणायचं, "यंदा टायमावर आलं वाटते बे विमान!" सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा आणि वाढायला उठायचा. माझ्या पानापाशी आला तरी एकदाही त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून... एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मला 'अबे मास्तर' म्हणायचा, याचा मला आजही अभिमान आहे.

गेल्या महिन्यात मीरा अस्थी घेऊन आली. शाळेत शोकसभा झाली. एक म्हातारे बोलले, "लय मोठा झाला, पण मायच्या मातीले काही आला नाही." तेव्हाही मी उठलो नाही. बाहेर आल्यावर मीरानं विचारलं, "काका, बाबांना खरंच उशीर झाला होता?"

मी सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरात बाबांनी एक घड्याळ भारताच्या वेळेवर लावलंय. त्याच्याकडे बघून म्हणायचे, आता माझा मास्तर शाळेतून घरी निघाला असेल. अजून चालू आहे ते." आणि म्हणाली, "काका, हे मला एकटीला सांगून भागायचं नाही. सगळ्यांना वाचता येईल असं लिहा."

मीरा, लिहिलं. तुझे बाबा वेळेवर आले होते. गावाला थांबू दिलं नाही ते मी.