गाडी सुटते तिथलं घर

आमच्या घरात एक नियम होता. जागा मोठ्यांनी बघायची, बायकांनी ती लावायची. लग्न होऊन विरारला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला तो सांगितला आणि वर म्हणाल्या, "ह्यात का म्हणून विचारायचं नाही हं, मेधा."

मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. का म्हणून न विचारता मला पास कोणी केलं असतं? पण नवी होते, गप्प बसले. गप्प बसलं की किस्से साठतात. घरातल्या जुन्या छत्र्यांसारखे. कोणी वापरत नाही, कोणी टाकत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या एकदम अंगावर येतात!

* * *

जागा बघणारं मंडळ तिघांचं होतं. माझे सासरे, म्हणजे बाबा. जूचंद्रचे म्हात्रे काका. आणि नंदाखालचे इनास अंकल, ज्यांची केळीची वाडी आहे. तिघं मुंबईला फोर्टात एकाच ऑफिसात तीस वर्षं नोकरी करून एकाच वर्षी रिटायर झाले. मनवेलपाड्यातला आमचा फ्लॅट १९८६ साली ह्या तिघांनी मिळूनच पसंत केला होता. सासूबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला तो सामानाच्या टेम्पोतून उतरल्यावर.

पसंतीचं कारण एकच. "गाडी इथून सुटते, बसायला मिळतं."

हे तत्त्व त्यांच्या रक्तातच होतं. म्हात्रे काका नायगावच्या बाजूला राहायचे, पण रोज सकाळी आधी उलटे विरारला यायचे आणि बसून परत नायगाववरून पुढे जायचे. स्वतःच्या घरासमोरून रोज दोनदा जाणारा माणूस! मी एकदा म्हटलं, काका, एवढ्या वेळात तुम्ही तासभर जास्त झोपला असता. ते म्हणाले, "झोपायचोच की. गाडीत."

* * *

बाबांचा भाचा मंगेश पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा मंडळ जागा बघायला पुण्याला गेलं. दोन दिवस फिरून त्यांनी बसडेपोच्या भिंतीला लागून एक फ्लॅट निवडला. बस तिथून सुटते ना!

पहाटे साडेचारपासून बसची इंजिनं सुरू. खिडकी उघडली की धूर, लावली की उकाडा. मंगेशच्या बायकोने सहा महिन्यांनी बाबांना फोन करून रडत रडत सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मंगेशला बसायला मिळतं ना?"

मंगेश ऑफिसला स्कूटरने जायचा.

* * *

२००३ मध्ये संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मेलबर्नला नोकरी मिळाली. तो पुढे गेला. एका सहकाऱ्याच्या खोलीत राहून त्याने घर शोधायचं आणि मग मी आणि चार वर्षांची सई जाणार, असं ठरलं. निदान मला असं वाटत होतं की घर तो शोधणार.

त्याने तिथल्या रेल्वेचा नकाशा ईमेलने पाठवला. बाबांनी तो मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलाला चिकटपट्टीने चिकटवला. दोन महिने आम्ही मेलबर्नवर ताटं ठेवून जेवलो. आमटी सांडून एक अख्खी लाइन पुसट झाली.

मंडळ रोज दुपारी चहाला जमायचं. नकाशाच्या मधोमध शहर आणि तिथून कोळ्याच्या पायांसारख्या बाहेर निघालेल्या रेषा. तिघांपैकी कोणाचंही बोट एकदासुद्धा मधल्या स्टेशनावर थांबलं नाही. सरकत सरकत तिन्ही बोटं थेट टोकाला जायची. म्हात्रे काका म्हणायचे, "पानी बारा महिने येतं का, ते पहिलं इचार त्याला." इनास अंकल म्हणायचे, "चर्च हाय ना जवळ? मग वस्ती चांगलीच असणार." आणि बाबा लाल पेनने शेवटच्या स्टेशनाभोवती गोल काढायचे.

तिथून संदीपचं ऑफिस सव्वा तास. बाबा खूश. "म्हणजे आपल्याहून लवकर!"

मी विचारलं, "आणि सईची शाळा?"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सईलाही रोज फोर्टात जायचं आहे आणि तिच्या बसायच्या जागेचा विचार आपण आधी का नाही केला!

* * *

संदीपचा फोन रविवारी सकाळी अकराला यायचा. कार्डावरचा फोन, वीस मिनिटांचा. पहिली पंधरा मिनिटं बाबांची. गाड्या किती, स्टेशनपासून चालत किती, भिंती विटांच्या की लाकडाच्या. मग तीन मिनिटं सासूबाईंची, त्यात दोन मिनिटं थंडीची. मग सई. सई बोलायची नाही, नुसती रिसीव्हरमध्ये श्वास घ्यायची.

मग मी. मी हॅलो म्हणायचे आणि तिकडून एक बाई इंग्रजीत सांगायची की एक मिनिट उरलं आहे.

एवढ्यात काय बोलणार? आठवडाभर मनात जुळवलेलं सगळं एकदम तोंडाशी यायचं आणि मी विचारायचे, "जेवलास का?" तो म्हणायचा, हो, तू? आणि फोन बंद.

दोन महिन्यांत मला नवऱ्यापेक्षा त्या बाईचा आवाज जास्त पाठ झाला. ती एकटीच होती जी माझ्यासाठी थांबलेली असायची.

* * *

शेवटी मी सईला शेजारी ठेवून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायला लागले. तिथे बसून एकेका उपनगराची माहिती काढली. बालवाडी चालत किती लांब, बाग कुठे, लायब्ररी आहे का, दुकानं किती वाजता बंद होतात, आपल्याकडची माणसं राहतात का. ऑफिसपासून पस्तीस मिनिटांवरची, मधल्या स्टेशनांवरची चार नावं निघाली. तक्ते केले, गुण दिले, चौदा पानांचा प्रिंट काढला. शिक्षणाचा उपयोग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाला म्हणून रिक्षात एकटीच हसत होते.

बाबांनी चष्मा लावून चौदाही पानं नीट उलटून पाहिली.

"छान आहे," ते म्हणाले. "पण एकाच बाजूने का छापलंस? मागची बाजू कोरी राहिली."

दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या बाजूंवर म्हात्रे काकांच्या अक्षरात शेवटच्या स्टेशनावरून सुटणाऱ्या गाड्यांचं टाइमटेबल होतं.

* * *

इनास अंकलची पुतणी मेलबर्नला नर्स होती. मी त्यांना गळ घातली, तिला पत्र लिहून तिथली खरी परिस्थिती विचारा. अंकल भला माणूस. त्यांनी लिहिलं, आणि उत्तर आल्यावर पत्र घेऊन नंदाखालहून स्वतः आले. सोबत केळ्यांचा घड.

पत्र मीच मोठ्याने वाचलं. पुतणीने स्पष्ट लिहिलं होतं. ती जागा फार लांब आहे. सगळे मोटारीनेच फिरतात, पायी कोणी दिसत नाही. बाईला ड्रायव्हिंग येत नसेल तर ती घरातच अडकते. दुकान तीन किलोमीटरवर. त्या टोकाला सकाळच्या ट्रेनसुद्धा रिकाम्या असतात, हवं तर आडवं होऊन झोपावं.

मी पत्राची घडी घातली. जिंकले, असं वाटलं.

बाबांनी म्हात्रे काकांकडे पाहिलं. म्हात्रे काकांनी इनास अंकलकडे. मग बाबा टेबलावर थाप मारून म्हणाले, "आडवं होऊन! बघा, मी म्हणत नव्हतो?"

इनास अंकल तेवढे जाताना दारात थांबले. "बाय, तू सायकल शिक," हळूच म्हणाले.

* * *

जूचंद्रच्या पुढे, जिथे रस्ता संपतो, तिथे एक नवं कॉम्प्लेक्स झालं होतं. संदीपच्या चुलतभावाने तिथे फ्लॅट घेतला होता. कोणाच्या सल्ल्याने, ते सांगायला नको. "वस्ती काय, आज नाही उद्या होईल," असं मंडळाचं मत.

चाळीस फ्लॅट, त्यातले तीन भरलेले. मी सईला घेऊन त्याच्या बायकोला, सुजाताला, भेटायला गेले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. आमची रिक्षा तिने चौथ्या मजल्यावरून, वळणावर असतानाच पाहिली होती.

ती सारखी बोलत होती. आपण काल काय भाजी केली, परवा काय केली. खालच्या कुत्रीला किती पिल्लं झाली. बिल्डर लिफ्ट कधी सुरू करणार. चार वेळा चहा झाला. सई सोफ्यावर झोपून उठली. मी निघते म्हटलं की ती काहीतरी दाखवायला काढायची. लग्नाचा अल्बम, नवा मिक्सर, मिक्सरचं गॅरंटी कार्ड.

शेवटी संध्याकाळी ती खाली सोडायला आली. मग म्हणाली, नाक्यापर्यंत येते. आमच्यासोबत रिक्षात बसली. नाका जेमतेम पाच मिनिटांवर.

बसल्या बसल्या पुढे वाकून तिने रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, आरामसे चलाना."

* * *

आणि मग तो रविवार.

संदीपचा फोन आला तेव्हा मंडळही हजर होतं. घर मिळालं होतं. तेच, लाल गोलातलं. उद्या सकाळी लीजवर सही करायची होती. बाबांनी रिसीव्हरवर हात न ठेवताच मंडळाला बातमी दिली. म्हात्रे काकांनी टाळी दिली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. बाबा फोनमध्ये म्हणाले, "कर सही. आमचं सगळ्यांचं ठरलंय."

मी जाऊन बाबांच्या हातातून रिसीव्हर घेतला. आमच्या घरात असं कोणी करत नाही. त्यामुळे तो सहज सुटला.

"संदीप, ते घर तू पाहिलंस?"

"हो. परवा ऑफिस सुटल्यावर गेलो होतो."

"बाहेर काय आहे?"

"अंधार होता गं. नीट दिसलं नाही. घर चांगलं आहे."

"रस्त्यावर कोण भेटलं?"

"कोणी नाही."

"सही करू नकोस. मी तिथे राहणार नाही. करणार असशील तर माझं आणि सईचं तिकीट काढू नकोस."

मागून बाबा म्हणाले, "मेधा, फोन दे इकडे. आम्ही इथे आलो तेव्हा काय होतं? चिखल होता नुसता. राहिलोच ना?"

मी रिसीव्हर हातात तसाच धरून वळले. सासूबाई साखरेची वाटी घेऊन देव्हाऱ्यापाशी उभ्या होत्या. बाबा खुर्चीत, त्यांच्या एका बाजूला म्हात्रे काका, दुसऱ्या बाजूला इनास अंकल.

"तुम्ही पावणेसहाला निघायचात बाबा, आणि रात्री नऊला परत यायचात," मी म्हटलं. "आजूबाजूला एक बिल्डिंग नव्हती. मधल्या वेळात आई कोणाशी बोलायच्या?"

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. बाबांनाही ते माहीत नसावं. म्हात्रे काका नकाशावरची आमटी नखाने खरवडायला लागले. इनास अंकलनी मान खाली घातली. वाटी हातात धरून सासूबाई माझ्याकडेच बघत राहिल्या.

"मी नाही जाणार," मी पुन्हा म्हटलं.

रिसीव्हरमधून संदीपचा आवाज येत होता, बारीक, पण खोलीत सगळ्यांना ऐकू येईल एवढा.

"हॅलो? हॅलो? कोणी आहे का तिकडे?"