अंगमेहनतीला व्यायाम म्हणू नका

"मावशी, झाडून झालं असेल तर बाजूला व्हा. आम्हाला मॅट टाकायच्यात."

माझ्या हातात झाडू नव्हता. काखेत सतरंजी होती, नीट घडी घातलेली. लुगडं धुतलेलं, केस चोपून विंचरलेले, पायात नातीनं टाकून दिलेले बूट. नगरला आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग भरतो. त्यात उभी राहायला आले होते मी. झाडणाऱ्या बाईला मी हलकं समजत नाही. पण वर्गातल्या त्या बाईनं मला म्हणताना हलकंच म्हटलं होतं.

मी म्हटलं, "मी बी व्यायामालाच आलीय."

वर्ग घेणाऱ्या मॅडम पुढं आल्या. गुलाबी ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला बुटापासून डोक्यापर्यंत बघितलं, बाजारात शेरडू बघतात तसं.

"अहो, तुम्हाला कशाला व्यायाम? तुमच्या लोकांचं अंग मुळातच काटक. जन्मभर व्यायामच केलाय तुम्ही. आम्ही आपल्या बसून खाणाऱ्या, आम्हाला लागतो."

बायका हसल्या. आणि मीही हसले. "व्हय की," म्हटलं, आणि जाऊन बाकड्यावर बसले. सतरंजी मांडीवर. त्या हात वर करत होत्या, मी बघत होते.

हे हसू माझं फार जुनं. कुठून आणलं ते सांगते.

पाथर्डीच्या अंगाचं आमचं गाव. दसरा झाला की ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, पण मोजायचा कोयता एक. तो तोडायचा, मी मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरनं चढायची. तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची खुळी. दुसरीची मोळी बघायची आणि माझ्या मोळीत चार ऊस जास्त कोंबायची. कशासाठी? कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

एकदा मुकादमानं कारखान्याच्या माणसाला फडात आणलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"ही बाई न्हाई सायेब, बैल हाय बैल. गाडीला जुपली तरी वढंल."

सगळा फड हसला. नवऱ्यानं मान खाली घातली. त्याला कळलं होतं. मला नाही कळलं. मला वाटलं, मेडल मिळालं. ती शहाणी, म्हणजे मीच, तशीच पळत गेली आणि आणखी एक मोळी घेऊन फळीवर चढली, त्या साहेबाला दाखवायला. रात्री मान वळेना, तर ऊन पाण्याची धार सोडून घेत बसली आणि गालातल्या गालात हसत होती. आज ती समोर आली तर दोन मुस्काटात मारीन. मग जवळ घेईन बहुतेक. पण आधी मुस्काटात.

बैल म्हटलं की हसायचं, एवढं त्या फडात शिकले. बाकी जन्म तेच केलं.

नवरा गेला. पोरगा शिकला, पुण्याकडं कंपनीत लागला. त्यानं नगरला हा फ्लॅट घेतला, मला आणून ठेवलं. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. सून चांगली आहे, फोनवर तर फारच चांगली. शेजारी दार लावून राहतात. लिफ्टमध्ये भेटले की मोबाईलमध्ये बघतात. फडात पाचटाच्या झोपड्या, कोपीला कोपी लागून असायची. एक खोकली की दुसरी विचारायची, "काय गं, झालं काय?" इथं मी मुद्दाम खोकून बघितलंय. कुणी विचारत नाही.

तर एक दिवस दुपारी फरशीवर बसून डाळ निवडत होते. निवडून झाली. उठायला गेले, उठता येईना. उजवा हात टेकला, खांद्यात कळ. डावा हात टेकला तर तो आपला लटपटतोय, परक्याचा असल्यासारखा. गुडघ्यात जोर नाही. पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, बैल बसला गं बाई. मग हसू थांबलं. मोबाईल ओट्यावर वाजत होता, वाजून वाजून बंद झाला. उन्हाचा पट्टा फरशीवरनं सरकत भिंतीवर चढला. बाहेर लिफ्ट वर गेली, खाली आली. हाक मारू का, म्हटलं. पण कुणाला? शेजारणीचं नाव मला माहीत नव्हतं.

शेवटी सरपटत दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभी राहिले. डाळ सगळी सांडली होती. त्या दिवशी मी रडले, आणि ते दुखण्यापायी नव्हे. उद्या असंच झालं तर पोरगा म्हणणार, आई, आता तुला एकटं ठेवता येत नाही. मग त्याच्या हॉलमधल्या दिवाणावर मी, माझी पिशवी, आणि येणारा-जाणारा विचारणार, "आजी, बऱ्या आहात ना?" जमिनीवरनं आपलं आपण उठता येणं, माझं घर तेवढ्यावर टिकून होतं.

म्हणून तर बागेत गेले होते. आणि हसून बाकड्यावर बसले होते.

त्या सकाळी घरी आले आणि आरशात नीट बघितलं. उजवा खांदा वर, डावा खाली. मान पुढं. जन्मभर व्यायाम केला म्हणे. व्यायाम केलेलं माणूस असं वाकडं दिसतं का? ऊस कारखान्यात गेला, साखर झाली, लोकांनी चहात घातली. त्यातलं माझ्या अंगात काय राहिलं? हा वर गेलेला खांदा. इतक्या वर्षांनी राग आला. मॅडमचा आला, मुकादमाचा आला, सगळ्यात जास्त त्या फळीवर पळत चढणारीचा आला.

मग शोधायला लागले. नातीनं फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यातला पोरगा टणाटणा उड्या मारत होता आणि पोट सपाट करून देतो म्हणत होता. माझं पोट काही कुणाच्या वाटेत येत नव्हतं. सोडला. दुसऱ्यात नुसत्या बैठकाच. तोही सोडला. मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी मला उठवलं, बसवलं, एका पायावर उभं केलं. मी पडता पडता त्यांनाच धरलं.

त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हाला काय जमायला हवंय?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. किती उचलशील, एवढंच विचारायचे. मी म्हटलं, "फरशीवरनं उठायचंय. कुणाला हाक न मारता."

त्यांनी चित्रं काढलेला कागद दिला. भिंत ढकलायची. दाराच्या कडीला टॉवेल अडकवून ओढायचं. खुर्चीतून उठा-बसा. उताणं पडून कंबर उचलायची. एका पायावर उभं राहायचं, भिंतीशेजारी. जे उजव्यानं, तेच डाव्यानं. थोडं चालायचं. आणि मधे मधे सुट्टीचा दिवस.

आता त्या जुन्या खुळीची कमाल ऐका. ती मेली नव्हती. घरी येऊन मी आठवड्याचा सगळा व्यायाम एका सकाळी उरकून टाकला. फड संपवला की सुटका, ही आमची रीत. लवकर तोडा, पुढचा फड धरा. डॉक्टरीणबाईंना वाटेल, बाई कामाची आहे! दुसऱ्या दिवशी संडासलाही भिंत धरून गेले.

परत दवाखान्यात. बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, सुट्टी का नाही घेतली?"

"खाडा कसा करायचा?"

त्यांना खाडा कळेना. मी सांगितलं. फडात ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं, तरी कामावर नाही गेलं की खाडा, आणि मुकादम त्याचे पैसे कापून घ्यायचा. बाळंतपणातसुद्धा मी खाडे मोजतच कण्हत होते.

बाईंनी कागद पुढं ओढला आणि सुट्टीच्या दिवसावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी अंगाची झीज भरून येते, आजी. ते व्यायामातच धरायचं."

मी मान हलवली, पण घरी येऊन सुट्टीच्या दिवशी खुर्चीत बसले तर सारखी दाराकडं बघायची. आत्ता कुणीतरी दारात येऊन ओरडेल असं वाटायचं. कुणी आलं नाही. कोण येणार? पण मी मात्र बसून राहिले. सगळ्या व्यायामांत हा मला जड गेला. बसणं. कुणाच्या परवानगीशिवाय बसणं.

चार-सहा महिने गेले. डाव्या हातात जीव आला. मग एके सकाळी सतरंजी घेऊन पुन्हा बागेत गेले आणि पहिल्या रांगेच्या टोकाला अंथरली.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला त्या दिवशी सांगितलं होतं ना."

"सांगितलं व्हतं. मी हसले बी व्हते. आज हसायला न्हाई आले."

"अहो, तुमचं चांगलंच सांगत होते. इतकं कष्टाचं शरीर—"

"कष्टाचं शरीर मोडतं मॅडम. तुमच्यावानीच मोडतं, जरा लवकर मोडतं. बाग महापालिकेची हाय. मी हितंच करनार."

शिट्टी वाजली नाही. सगळ्या बघत होत्या. मी सतरंजीवर बसले, पाय पसरून. मग उठायला लागले. शेजारची एक पुढं झाली, तिनं हात दिला. वाईट मनानं नव्हे. पण मी म्हटलं, "नको." कुशीवर वळले, हात टेकले, एक गुडघा उभा केला, त्यावर जोर दिला आणि उभी राहिले. वेळ लागला. लुगड्याचा काठ मातीनं भरला. टाळी कुणी वाजवली नाही. शेजारच्या त्या बाईनं आपली मॅट थोडी पलीकडं ओढून घेतली.

घ्या ओढून. आता माझ्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा असते, हात पसरायला बरी. वर्ग सुटल्यावर त्या घोळक्यानं चहाला जातात, मला कुणी ये म्हणत नाही. मी एकटी घरी येते, कुलूप उघडते, फरशीवर बसून जेवते. टेबल आहे घरात. मुद्दाम फरशीवर बसते.

रोज जाणार आहे मी. सुट्टीच्या दिवशी जाणार नाही, आणि का आला नाहीत म्हणून कुणी विचारलं तर कारण सांगणार नाही. मला बैल म्हणा, काटक म्हणा, मावशी म्हणा. माझ्या हसण्याची सोबत मात्र मिळणार नाही.

हे अंग आता कुणाच्याही कामाला ठेवलेलं नाही.