मारुतीपुढचा गूळ

धाकट्या भावाला मधुमेह होता; सकाळी इन्शुलिनची सुई मीच टोचायचो. "सुईनंतर उपाशी मेहनत केली तर साखर उतरेल, गूळ जवळ ठेवा," डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शहापूरच्या आमच्या तालमीत उपाशीपोटीच मातीत उतरायची रीत, आणि वस्ताद मीच.

"अण्णा, गूळ तेवढा खाऊ दे की."

"लई लाडावलायस. आधी जोर मार." त्याच्या हातातला खडा मी मारुतीपुढं ठेवला.

थोड्याच वेळात तो घामानं निथळला, बरळू लागला. "सकाळीच ढोसून आलास व्हय रं?" एकानं विचारलं. पोरं हसली, मीही हसलो. तो कोसळल्यावर गूळ घेऊन धावलो, तर दातखीळ बसलेली.

त्यातच तो गेला. घरी मी सांगितलं, साखर वाढली. "चोरून गोड खाल्लं असंल त्यानं," आई मरेपर्यंत म्हणायची. मी तिला कधी अडवलं नाही.