चष्म्याच्या दुकानावर माझी बारीक अक्षरं

मंडळी, आज सकाळी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

महिनाभर हाताने काढलेली माझी नवी अक्षरं आज पहिल्यांदा पाटीवर चढली. एकेरी बारीक रेषा, गोल, त्रिकोण. अगदी अंतराळयानावर शोभतील अशी. पाटी मात्र कसब्यातल्या नव्या चष्म्याच्या दुकानाची. ज्यांना नीट दिसत नाही त्यांनीच ती वाचायची आहे, हे अक्षरं काढताना माझ्या डोक्यातच आलं नाही!

पाटी रंगवणारे सलीमभाई रस्त्याच्या समोरच्या बाजूला गेले आणि त्यांनी स्वतःचा चष्मा काढला. प्रत्येक पाटी ते अशीच तपासतात.

"मला वाचता येतंय," ते म्हणाले. "पण रंगवलीय मीच, माझं काय धरता?"

तेवढ्यात रस्त्यावरून चाललेल्या एक आजी थांबल्या आणि वर बघून सरळ दुकानात आल्या. हातात तुटका चष्मा. "पाटी वाचली म्हणून आले. काडी बसवून मिळेल?"

हुश्श! चष्म्याशिवाय वाचली होती!

न राहवून मी विचारलं, "आजी, अक्षरं कशी वाटली?"

"तुम्ही काढलीत? वाचता आली. पण फार हडकुळी आहेत हो. जेवायला घालत जा त्यांना."

पुणेकरांनो, हे कौतुकच होतं ना?