भाड्याच्या भिंतीतला खिळा

आमच्या बेबाआत्याला 'गप्प बस' म्हणायची कुणाची टाप नव्हती. माहेर धुळ्याचं, सासर भुसावळचं. नवरा लवकर गेला. मग रावेरला केळीच्या गाड्या भरायला जायची, आणि त्यावरच एकुलत्या प्रशीलला इंजिनियर केलं. केळीचा चीक कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही. आत्याची एकही साडी डागाशिवाय नव्हती, आणि तिला त्याची काडीची लाज नव्हती. लाज वाटायला लागली ती प्रशीलला, अमेरिकेत गेल्यावर.

मागच्या वर्षी त्याने तिला टेक्सासला बोलावलं. एकटीला विमानाची धास्ती, म्हणून सोबतीला मी, तिची भाची शिल्पा. गेल्या गेल्या एका रविवारी सहल ठरली. प्रशीलचे साहेब पुण्याचे, याचं प्रमोशन त्यांच्या हातात, आणि साहेब सपत्नीक येणार. निघण्याआधी ते चहाला यायचे होते. प्रशीलने हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो उतरवून कपाटात ठेवला, खिळासुद्धा उपटून भोक बुजवलं, आणि आईला म्हणाला, आजचा दिवस जय भीम नको. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याने मात्र त्या बुजवलेल्या भोकावर नुसतं बोट फिरवलं. ती बोलली नाही की मला जास्त भीती वाटते.

चहा झाला आणि दोन गाड्या फ्रेडरिक्सबर्गला निघाल्या. हे गाव पावणेदोनशे वर्षांपूर्वी जर्मनीहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. दगडी भिंती, जर्मन पाट्या. लांबच्या शेतकऱ्यांनी बाजाराला आणि चर्चला आल्यावर मुक्कामासाठी बांधलेली इवलीशी घरं अजून उभी आहेत. तशा एका घरापाशी तिथलीच एक म्हातारी भेटली. ती सांगत होती आणि मी आत्याला मराठीत समजावत होते. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणाऱ्याकडे लोक शत्रूसारखं बघायचे, म्हणून तिची आजी दार लावून घेऊन आपली भाषा बोलायची. आत्याने मला विचारायला लावलं, मग आता? म्हातारी हसली आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी चांगली हातभर लांब होती, जर्मनमध्ये.

मग आम्ही एका झाडाखाली जेवायला बसलो. बाईसाहेबांनी गोड आवाजात चौकशी मांडली. भुसावळला नेमकं कुठे, मूळ गाव कुठलं, आडनाव काय म्हणालात. ही चौकशी कशाची असते ते आपल्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. शेवटी त्यांनी कुलदैवत विचारलं. आत्या तोंड उघडणार तोच प्रशील घाईघाईने म्हणाला, "सप्तशृंगी."

आत्याने हातातला घास खाली ठेवला.

"मना पोऱ्या खोटं बोलस," ती म्हणाली. "आमले कुलदैवत नही. आम्ही बौद्ध शेतस. जय भीम, बाई."

वा गं माझ्या आत्या! बाईसाहेब पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. साहेबांना एकाएकी ऊन लागायला लागलं. दोघं आपल्या गाडीने लवकर निघून गेले. पुढे त्यांनी प्रशीलला कधी सहलीला बोलावलं नाही. न बोलावू देत.

परतताना प्रशील स्टिअरिंगवर हात आपटत होता. प्रमोशन गेलं, चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं बरंच काही. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या म्हातारीच्या आजीच्या मागे अख्खं युद्ध लागलं होतं, तुझ्या मागे कोण लागलंय?

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिने कपाटातून फोटो काढला, पदराने पुसला. खुर्ची भिंतीपाशी ओढली, वर चढली आणि खिळा-हातोडी मागितली. मी आणून दिली.

"भाडानं घर शे, माय," प्रशील म्हणाला. "परत भोक पडी." आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडून घरची बोली निघाली होती.

"पडू दे," आत्या म्हणाली आणि पहिला घाव घातला.

खुर्ची डगमगायला लागली. प्रशील दारातच उभा होता. मग पुढे आला आणि त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.