नसीमा हरली, ती दुपार

नसीमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बसस्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते... तिलाच भेटायला निघाले होते. इक्बालभाई, तिचे यजमान, एवढंच म्हणाले, "ताई, तुमी या." त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. लिहायचं आहे ते आधीच्या दिवाळीच्या सुट्टीबद्दल.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तास रटाळ झाला की ती वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडायची. आळीपाळीनं दोन ठिपके जोडायचे, जिच्या रेघेनं चौकोन पुरा होईल तिनं त्यात आपलं अक्षर लिहायचं आणि आणखी एक रेघ ओढायची. तिचा 'न' पानभर पसरायचा, माझा 'व' कुठंतरी कोपऱ्यात. पुढे ती लग्न होऊन अकोल्याला गेली, तिथं कॉम्प्युटर शिकवू लागली. आमचा खेळ फोनवरच्या फोटोंतून चालूच राहिला.

मग तिच्या हातांतली ताकद जाऊ लागली. स्नायूंचा आजार, वाढतच जाणारा. पेन्सिल धरवेना तेव्हा तिनं ठरवलं, हाच खेळ कॉम्प्युटरवर आणायचा, एका बोटानं खेळता येईल असा, आणि समोर मशीनलाच बसवायचं. तिच्या वऱ्हाडी बोलीत मला फर्मान आलं, "तू ये. मी सांगतो, तू टाईप कर."

मी शाळेत इतिहास शिकवते. ती सांगेल ते अक्षर न अक्षर टाईप करत गेले. एक स्वल्पविराम चुकला की खेळ उघडायचाच नाही. पडद्यावर पहिल्यांदा ठिपके उमटले तेव्हा आम्ही दोघी अशा ओरडलो की इक्बालभाई गॅसवरचा चहा सोडून धावत आले.

मशीन मात्र हावरं निघालं. दिसला चौकोन की घ्यायचं, आणि हरायचं. नसीमाची खरी चाल वेगळी होती. चौकोनांची रांग हाती आली की शेवटचे दोन ती मुद्दाम सोडायची. ते घेतल्यावर समोरच्याला पुढची रेघ ओढावीच लागते, आणि त्याहून लांब रांग आपल्याला मिळते. हे मशीनला शिकवण्यात सगळी सुट्टी गेली. बोलताना तिला दम लागायचा. थांबू या म्हटलं तर म्हणायची, "माही जीभ चालून राहिली तोवर लिहून घे."

भाऊबीजेच्या दुपारी ती मशीनशी खेळायला बसली. अर्ध्या डावात मशीननं दोन चौकोन सोडून दिले. नसीमा पडद्याकडे पाहतच राहिली. मग एकेक बटण दाबत गेली आणि हरली, चांगलीच हरली. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं, तर डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू थांबत नाही. "हारलो व मी. माह्याच पोरानं हरवलं मले." कॉलेजातल्या मिळेल त्या मैत्रिणीला तिनं माझ्याकडून फोन लावून घेतला आणि आपण हरल्याची बातमी स्वतः दिली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेले तेव्हा इक्बालभाई तिच्या टेबलाशी बसले होते. धान्याचं दुकान चालवणारा माणूस, हा खेळ कधी खेळला नव्हता. हळूच म्हणाले, "ताई, थे दोन सोडाचं मले समजून नाही राहिलं. सांगता का?" संध्याकाळपर्यंत आम्ही खेळत होतो.

परवा त्यांचा फोन आला. आवाजात घाई होती. "काल मशीनशी जिंकलो मी. पहिल्यांदा." मग म्हणाले, "कोणाले सांगू? म्हनून तुमाले लावला."

मी म्हटलं, सगळं सांगा, पहिल्या रेघेपासून. आणि त्यांनी सांगितलं.