नवरा वर थांबेल

माझ्या दिराने मला जवळजवळ फसवलंच होतं. कॅनडात, मार्कहॅममधलं किराणा दुकान मी उभं केलं, आणि ‘टॅक्ससाठी नुसती फॉर्मॅलिटी, वहिनी’ म्हणत तो ते स्वतःच्या नावावर करून घ्यायला निघाला. कागदावर सही करायला मी पेनही उघडलं होतं.

साक्षीदार म्हणून शेजारच्या बाईंना त्यानेच बोलावलं. बाई कॉलेजात अमेरिकेचा जुना इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. आल्या, बूट काढले, माझा दंड धरला. “चल बेसमेंटमध्ये. नवरा वर थांबेल.”

आमच्या इथल्या मराठी मंडळात हे वाक्य कोणी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

खाली ड्रायर घरघरत होता. बाई म्हणाल्या, “तिकडे अमेरिकेत पूर्वी लग्न झालं की बाईची कमाईसुद्धा नवऱ्याची. पण जमीन विकताना न्यायाधीश तिला एकटीला बाजूला नेऊन विचारायचा, जबरदस्ती नाही ना? बऱ्याच जणी भिऊन ‘जबरदस्ती नाही’ म्हणायच्या. पण कोणीतरी विचारायचं. मी विचारते. तुला द्यायचंय दुकान?”

आंब्याच्या पेटीसाठी व्यापाऱ्याला रडकुंडीला आणणारी मी, नुसती पुटपुटले.

“नाही.”

“मोठ्याने. ड्रायर चालू आहे.”

“नाही द्यायचं!”

वर येऊन बाईंनी पेनाला टोपण लावलं. दीर म्हणाला, “बाई, ही घरातली गोष्ट आहे.”

“म्हणून तर घरातच विचारलं.”

माझ्या नवऱ्याने तो कागद तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला, आणि माझ्यासाठी चहा टाकला.

पुढे बाईंच्या उत्साहाला ऊतच आला. कोणी घर घेवो, नवा सोफा घेवो, बायकोला बेसमेंटमध्ये नेणार म्हणजे नेणार. एकदा एक नवरा कुरकुरला, “आम्हाला कोण विचारणार?” बाईंनी त्यालाही खाली नेलं. वर आला तेव्हा डोळे पुसत हसत होता. सोफा रद्द झाला.

दुकानात कोथिंबिरीच्या जुडीच्या भावावरून मात्र आम्ही दोघी अर्धा तास भांडायचो. एकीनेही कधी माघार घेतली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत माझा दीर माइकवर म्हणाला, “बाईंनी आपल्या सगळ्यांची घरं जपली.” लोकांनी माना डोलावल्या. मी उठले.

“भाऊजी, माइक सोडू नका. माझं दुकान तुमच्या नावावर करायचा तो कागद कोणी तयार केला होता? सांगा. सगळे ऐकताहेत.”